नवऱ्यापुरता अपवाद

1 जानेवारी 1862 रोजी भारतीय दंड संहिता अमलात आली, तेव्हा मध्य प्रांत जेमतेम दोन महिन्यांचा होता. नागपूरकर भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं होतं. 1861 च्या नोव्हेंबरात नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून इंग्रजांनी हा नवा प्रांत उभा केला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याच्या पोटात होता आणि 1 मे 1999 पर्यंत तिथेच राहिला. कामठ्याची जमीनदारी, तिरोड्याकडची धानाची शेती, जागोजागी तलाव आणि पूर्वेला सालेकसा-देवरीकडे दाट जंगल असा हा झाडीपट्टीचा प्रदेश. रेल्वे यायला अजून वीस वर्षं होती. या मुलखातल्या बायांना न विचारता, त्यांच्या कानावरही न जाता, त्यांच्याविषयीचं एक वाक्य त्या दिवशी कायदा झालं.

ते वाक्य कलम 375 च्या शेवटी होतं. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध किंवा संमतीवाचून केलेला संभोग हा बलात्कार, असं कलम सांगत होतं. त्याखाली अपवाद होता : पुरुषाने स्वतःच्या बायकोशी केलेला संभोग, ती दहा वर्षांहून लहान नसेल तर, बलात्कार नव्हे. 1837 मध्ये मेकॉलेच्या आयोगाने केलेल्या मसुद्यात तर वयाचीही अट नव्हती. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत बलात्कार कधीच होऊ शकत नाही, असं तिथे सरसकट म्हटलं होतं. त्यामागे इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचं मत होतं. लग्नाच्या वेळी बायको स्वतःला नवऱ्याच्या स्वाधीन करते आणि ती संमती तिला मागे घेता येत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, 1736 मध्ये ते छापलं गेलं. म्हणजे ज्या अपवादाला पुढे भारतीय कुटुंबाचा आधारस्तंभ म्हटलं गेलं, तो सातासमुद्रापलीकडून आलेला होता. एवढी एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

झाडीपट्टीतल्या चालीरीती या वाक्यात बसणाऱ्या नव्हत्या. इथे पोवार, कुणबी, कोहळी, महार, गोंड, हलबा अशी वस्ती. शेतकरी जातींत लग्नं लहानपणी व्हायची, पण मुलगी वयात आल्याखेरीज सासरी नांदायला जायची नाही. विधवेचा पाट लागायचा. गोंडांमध्ये लग्न बहुधा जाणत्या वयात होई. न पटलेली बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे जाऊ शके. पहिल्याने लग्नाला केलेला खर्च दुसऱ्याने पंचांसमोर भरून दिला की प्रश्न मिटे. यात बाईची किंमत पैशांत होत होती, हे मी झाकणार नाही. तरीही जिला नवऱ्याचं घर सोडता येतं, तिच्या नकाराला थोडंतरी वजन असतं. नव्या कायद्याच्या नजरेत या वाटेला जागा नव्हती. त्याला फक्त वय दिसत होतं.

या वयावरून पहिली मोठी लढाई मुंबई-पुण्यात झाली. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं आणि त्या कधी नांदायला गेल्या नव्हत्या. 1884 मध्ये दादाजींनी, त्यांनी नांदायला यावं म्हणून, दावा लावला. न्यायमूर्ती पिनी यांनी 1885 मध्ये तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची हयात त्यांनी सुरत-राजकोटच्या इस्पितळांत घालवली. ‘मला तो नको’ असं एका बाईने भर कोर्टात म्हणणं, हा त्या काळच्या महाराष्ट्राला बसलेला केवढा मोठा धक्का होता, ते टिळकांच्या ‘केसरी’तल्या विरोधावरून कळतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात बायकोच्या वयाऐवजी तिच्या इच्छेचा प्रश्न पहिल्यांदा थेट विचारला गेला तो हा क्षण. त्यानंतर कायदे करणारे पुन्हा वयाकडे वळले.

वळायला कारणही तसंच भयंकर घडलं. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती पस्तिशीचा. फुलमणीने दहा ओलांडले असल्याने बलात्काराचा आरोप लावताच येईना. निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते, त्यांच्या मागणीला आता धार आली. जानेवारी 1891 मध्ये अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं आणि 19 मार्चला ते मंजूर झालं. संमतीचं वय दहावरून बारा झालं.

त्या तीन महिन्यांत पुण्यात काय घडलं ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकांतून यावी, असं टिळक म्हणत होते. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूने उभा होता. रा. गो. भांडारकर आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग शास्त्राचेच दाखले काढून विधेयकाला आधार देत होते. वाद गर्भाधान संस्काराच्या मुहूर्तावर चालला : पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर लगेच झाला नाही तर धर्म बुडतो का? दोन्हीकडचे पुरुष, आणि वादाचा विषय बारा वर्षांच्या पोरीचं शरीर. विरोधकांना मी दुष्ट म्हणणार नाही. पण नवऱ्याच्या हक्काला मर्यादा घातली की कुटुंब मोडेल, ही भीती तेव्हा पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलली गेली आणि पुढे प्रत्येक वेळी नव्या शब्दांत परत आली.

यानंतरचा अध्याय मराठी पुस्तकांत फारसा सापडत नाही. त्याचे दोन नायक मात्र आपल्याच भागातले आहेत.

पहिले हरिसिंग गौर. जन्म सागरचा, शिक्षण केंब्रिजचं. विलायतेहून परतल्यावर काही काळ त्यांनी भंडाऱ्यातच सरकारी नोकरी केली, मग ती सोडून वकिलीत शिरले. नागपुरात त्यांचा मोठा जम बसला. दंड संहितेवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ देशभरचे वकील वापरत, त्यामुळे कलम 375 चा अपवाद त्यांच्याइतका बारकाईने वाचलेला माणूस त्या काळी विरळा. मध्य प्रांतातून ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले. बायकांना वकिली करता यावी म्हणून 1923 मध्ये कायदा झाला, त्यामागे ते होते. त्याच वर्षी विशेष विवाह कायद्यात सुधारणा झाली, तीही त्यांचीच. आणि मग त्यांनी या अपवादाला हात घातला.

1922 मध्ये बक्षी सोहनलाल यांनी वय वाढवण्याचा प्रयत्न केला होता, तो बारगळला. 1924 मध्ये गौरांनी विधेयक आणलं : घरात असो की बाहेर, चौदा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमती नव्हे. ‘बाहेर’वर फारशी कुणाची हरकत नव्हती. परक्या पुरुषाने मुलीला हात लावला तर कडक शिक्षा व्हावी, असं सगळेच म्हणत. गाडी अडे ती ‘घरात’ या शब्दापाशी. विधेयक निवड समितीत गेलं, तिथे नवऱ्यासाठीचं वय खाली आलं, सभागृहात पुन्हा ओढाताण झाली आणि अखेर ते पडलं. मग सरकारनेच, गृहसदस्य सर अलेक्झांडर मडिमन यांच्यामार्फत, मवाळ विधेयक आणून 1925 मध्ये मंजूर करून घेतलं. बाहेरच्यासाठी चौदा, नवऱ्यासाठी तेरा.

या कायद्यातली एक तरतूद अजूनपर्यंत पुरेशी चर्चिली गेलेली नाही. बायको बारा ते तेरा वर्षांची असेल आणि नवऱ्याने गुन्हा केला, तर त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद, किंवा नुसता दंड. त्याच वयाच्या मुलीवर परक्याने हात टाकला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शके. मुलीचं शरीर तेच, जखमही तीच. तरी नवऱ्याच्या शिक्षेत सवलत. सवलतीची ही परंपरा इथून कायद्यात शिरली आणि अजून बाहेर पडलेली नाही.

गौर थांबले नाहीत. 1927 मध्ये त्यांनी पुन्हा वय वाढवण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी अजमेरच्या हरबिलास सारडांचं बालविवाहाचं विधेयक आलं, कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशभर संताप उसळला आणि सरकारने 1928 च्या जूनमध्ये चौकशी समिती नेमली. अध्यक्ष झाले सर मोरोपंत विश्वनाथ जोशी, अमरावतीचे नामांकित वकील आणि मध्य प्रांत सरकारचे माजी गृहसदस्य. हेच आपल्याकडचे दुसरे. समितीत रामेश्वरी नेहरू होत्या, ठाकूरदास भार्गव होते. प्रश्नावल्या वाटल्या गेल्या, समिती प्रांतोप्रांती फिरली, सुमारे 400 साक्षी झाल्या. डॉक्टर, शिक्षिका, पंडित, मौलवी, न्यायाधीश, घरंदाज गृहिणी बोलल्या. नवरा-बायकोतल्या जबरदस्तीविषयी लोकांना काय वाटतं, हे या देशात सरकारने इतक्या पद्धतशीरपणे विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. 1929 च्या उन्हाळ्यात जोशी समितीचा अहवाल आला.

या अहवालातल्या कायदेशीर शिफारशींपेक्षा त्यातलं समाजाचं चित्र मला मोठं वाटतं. 1891 च्या कायद्याला अडतीस वर्षं झाली होती, पण तो आहे हेच बहुसंख्य लोकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेल्यांनाही त्याचा उपयोग नव्हता. गुन्हा घरात, साक्षीदार घरचे. ज्या आईबापांनी मुलगी दिली तेच फिर्याद कशी देणार? मुलीने नवऱ्याविरुद्ध तोंड उघडलं आणि तो तुरुंगात गेला, तर तिचं पुढे काय? तिला दुसरं घर नाही, माहेरी जागा नाही. वयाचा पुरावा म्हणावा तर जन्माची नोंद नाही. पोलीस घरात शिरावेत, असं सुधारकांनाही वाटत नव्हतं. समितीने म्हणून जन्म आणि लग्न यांची नोंद सक्तीची करण्याचा आग्रह धरला. लग्नाचंच वय वाढवलं तर मुळावर घाव बसेल, असा निष्कर्ष काढला, आणि नवऱ्यासाठी संमतीचं वय पंधरा करावं अशी शिफारस केली.

पण समितीने आणखी एक गोष्ट सुचवली. अल्पवयीन बायकोशी जबरदस्ती करणाऱ्या नवऱ्याच्या गुन्ह्याला बलात्कार म्हणू नये. त्याला ‘वैवाहिक गैरवर्तन’ असं वेगळं, सौम्य नाव द्यावं, म्हणजे लोकांच्या पचनी पडेल आणि खटलेही होतील. मोरोपंत व्यवहारी माणूस होते. शब्द मऊ केला तर कायदा वापरला जाईल, हा त्यांचा हिशेब. मला तो हिशेब कळतो, पण पटत नाही. ज्या समितीने चारशे तोंडांतून हे दुःख ऐकलं, तिलाही नवऱ्याच्या कपाळावर तो शब्द लिहवेना. यावरून लग्नातल्या पुरुषाच्या हक्काची मुळं किती खोल होती ते दिसतं.

पुढचं वेगाने घडलं. सारडा कायदा सप्टेंबर 1929 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला : मुलीचं लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा. मधल्या सहा महिन्यांत देशभर लगीनघाई उडाली, कायदा लागू होण्याआधी पाळण्यातल्या पोरींचीही लग्नं उरकली गेली, आणि 1931 च्या जनगणनेत विवाहित बालिकांचा आकडा फुगलेला दिसला. गौरांचं विधेयक मात्र मागे पडलं. नवऱ्यासाठीचं वय तेरावरच राहिलं. जोशी समितीने मागितलेली पंधराची अट यायला वीस वर्षं लागली; ती 1949 मध्ये, स्वतंत्र भारतात आली.

वयापलीकडचा प्रश्न त्या काळात कुणीच विचारला नाही असं नाही. मुंबईत र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. स्त्रीच्या शरीरावर आणि तिच्या सुखावर तिचा स्वतःचा हक्क आहे, हे त्यांनी खटले सोसून सांगितलं. पण त्यांचे वाचक शहरी होते. झाडीपट्टीच्या कानावर तो विचार वेगळ्या वाटेने आला. जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या. काडीमोडाचा हक्क मिळावा आणि एका पुरुषाला अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव त्यांनी केले. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालं तर नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका. दिल्लीच्या विधिमंडळात वीस वर्षं जो वाद आकड्यांत चालला होता, त्याचं खरं उत्तर नागपूरच्या त्या मांडवात दिलं गेलं, असं मी मानतो. मंडपात बसलेल्या बहुतेक जणी कष्टकरी होत्या. रखमाबाईंच्या जवळ वकील होते, इंग्रजी होतं. या बायकांपाशी यांतलं काहीच नव्हतं, तरी मागणी तीच होती.

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेने अर्जुनी मोरगाव ओलांडलं की थोड्याच वेळात वडसा लागतं. वडसा म्हणजेच देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ‘मथुरा खटला’ म्हणून तो देशाला ठाऊक आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असं मानलं गेलं. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. बायका रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेचं काम उभं केलं.

खटला नवऱ्याविरुद्ध नव्हता, पण निमूट सोसण्याचा अर्थ काय, हा प्रश्न सगळ्यांत जास्त लागू पडतो तो घरातल्या अंधाऱ्या खोलीला. 1983 मध्ये कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्काराला कडक शिक्षा आली. नवऱ्याच्या बाबतीत मात्र एवढंच झालं : कोर्टाच्या हुकमाने विभक्त झालेल्या बायकोवर जबरदस्ती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. 1925 मध्येही कमाल दोनच वर्षं होती. एकाच छताखाली राहणाऱ्या बायकोविषयी 1983 चा कायदा गप्प राहिला. त्याच वर्षी 498-अ हे कलम आलं. त्यात मारहाण, छळ, हुंडा आला, पण अंथरुणावरची जबरदस्ती हा छळच आहे, हे त्यात उघड लिहिलं गेलं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लैंगिक छळाचा उल्लेख पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत केला.

2013 मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने हा अपवाद काढून टाका असं स्वच्छ सांगितलं. संसदेच्या स्थायी समितीने उत्तर दिलं की तसं केलं तर कुटुंबव्यवस्थेवर मोठा ताण येईल. 1891 चं पुणे आणि 2013 ची दिल्ली यांच्यामध्ये 122 वर्षं आहेत, आणि उत्तर तेच आहे. मुलीचं लग्नाचं वय 1978 मध्ये अठरा झालं होतं, तरी अपवादातलं पंधरा तसंच होतं. 39 वर्षं या देशात सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं बेकायदा होतं आणि लग्न लावल्यावर तिच्या नवऱ्याने केलेली जबरदस्ती कायदेशीर. ती विसंगती 11 ऑक्टोबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर दूर केली. नव्या भारतीय न्याय संहितेतही अठराची अट आली. 1860 च्या संहितेत दहा आणि 2017 मध्ये अठरा. 157 वर्षांत अपवाद आठ वर्षांनी सरकला.

या निकालाचा अर्थ विदर्भातही तपासला गेला. वर्धा जिल्ह्यातल्या एका खटल्यात आरोपीचा बचाव होता की मुलगी त्याची बायको होती. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूर खंडपीठाचे न्यायमूर्ती गोविंद सानप यांनी तो फेटाळला आणि दहा वर्षांची शिक्षा कायम ठेवली. अठरा वर्षांखालच्या बायकोच्या बाबतीत लग्न ही ढाल होत नाही.

सालेकसा ओलांडून पूर्वेला गेलं की छत्तीसगड लागतं. तिथल्या जगदलपूरचा एक खटला 2017 चा. नवऱ्याने केलेल्या अनैसर्गिक जबरदस्तीनंतर बायको इस्पितळात मेली, मरण्याआधी दंडाधिकाऱ्यांपुढे तसा जबाब देऊन. खालच्या कोर्टाने दहा वर्षं दिली. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने सगळ्या आरोपांतून त्याची मुक्तता केली : बायको सज्ञान, म्हणून तिच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. फुलमणीच्या नवऱ्याला 1890 मध्ये निदान एक वर्ष तरी मिळालं होतं.

लोकांना काय वाटतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत विचारलं गेलं की थकलेली असेल किंवा मन नसेल, नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे बाहेर संबंध असतील, तर बायकोने नकार देणं योग्य आहे का? तिन्ही कारणं मान्य करणाऱ्या बायका सुमारे 80 टक्के निघाल्या, पुरुष सुमारे 66 टक्के. म्हणजे बहुसंख्य समाज कायद्याच्या पुढे गेला आहे. बायकोला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे गावागावांत मान्य होत चाललं आहे. उरलेला एक तृतीयांश पुरुषवर्ग हीच भिण्याजोगी गोष्ट. त्याच सर्वेक्षणात लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या विवाहित बायकांपैकी पाचात चार जणींनी बोट दाखवलं ते सध्याच्या नवऱ्याकडे.

गोंदियाचं चित्र या बाबतीत थोडं वेगळं आहे. 2011 च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे 999 बायका होत्या, राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त. बालविवाहाचं प्रमाण राज्यात सगळ्यांत कमी असलेल्या जिल्ह्यांत गोंदिया-भंडारा येतात. आदिवासींच्या जुन्या चाली, आंबेडकरी चळवळ आणि मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये स्थापलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थांनी गावोगावी नेलेली शाळा, या तिन्हींचा त्यात वाटा आहे असं मला वाटतं. म्हणजे वयाची लढाई या जिल्ह्याने बरीचशी जिंकली आहे. पण म्हणूनच वयापुरता बेतलेला कायदा इथल्या विवाहितेच्या फारसा उपयोगी नाही. ती वीस-बावीसची, शिकलेली, बचत गटात बोलणारी असते, आणि नेमकी सज्ञान असल्यामुळेच अपवादाच्या आत सापडते.

11 मे 2022 रोजी दिल्ली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं. राजीव शकधर यांनी अपवाद घटनाबाह्य ठरवला, सी. हरिशंकर यांनी तो कायम ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरतं मान्य केलं की नवऱ्याच्या जबरदस्तीतून राहिलेला गर्भ हा बलात्कारातून राहिलेला धरावा. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने शपथपत्र दिलं : लग्नात बायकोच्या संमतीला संरक्षण हवंच, पण त्या कृत्याला बलात्कार म्हणणं फार कठोर होईल. मोरोपंत जोशींनी 1929 मध्ये जो मऊ शब्द शोधला, त्याचीच ही 95 वर्षांनंतरची आवृत्ती. त्या महिन्यात सुरू झालेली सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या निवृत्तीआधी संपणार नाही म्हणून पुढे ढकलली गेली. ज्या इंग्लंडमधून हा अपवाद आला, तिथे हाउस ऑफ लॉर्ड्सने तो 1991 मध्येच मोडीत काढला होता.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर सज्ञान विवाहितेच्या हाती 2005 चा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मिळतो, पोटगी मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील फुकट देतं. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. मुलगी बहुधा पहिल्यांदा बोलते ती माहेरी, आणि पहिल्यांदा गप्प केली जाते तीही माहेरीच. म्हणून माहेरच्यांना सांगणं आहे : तुमची लेक ही गोष्ट घेऊन आली, तर तिला ‘जुळवून घे’ म्हणून परत पाठवू नका. तिला ठेवून घ्या, आणि तिच्याबरोबर त्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत जा.